नागपूरकर भोसल्यांची तैनाती फौज आणि सीमारक्षणाच्या खर्चाचा प्रश्न

सीमेवरील बंदोबस्ताचा खर्च कोणी सोसावा, हा आज केंद्र व राज्य यांच्यातील हिशेबाचा विषय आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील सुरक्षाविषयक खर्चाच्या काही भागाची प्रतिपूर्ती राज्याला केंद्राकडून मिळत आलेली आहे. नागपूरच्या भोसले राज्यात मात्र पैशाचा ओघ नेमका उलट होता. बलाढ्य सत्ता संरक्षण देई आणि दुर्बल सत्ता त्याची किंमत मोजी. ही किंमत नेमकी कोणाच्या सीमेसाठी मोजली गेली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख गमावला. महसूल घटला, उत्तरेची नर्मदेकडील सीमा मात्र तशीच राहिली आणि तिच्या पलीकडे माळव्यात पेंढाऱ्यांचे तळ होते. रघूजींनी कर वाढविले, बाजारात स्वतःची दुकाने थाटली, म्हणून त्यांना ‘बडा बनिया’ म्हणून हिणविले गेले. ही टीका पूर्णपणे न्याय्य वाटत नाही, कारण आटलेल्या खजिन्यातूनच त्यांना फौज पोसावयाची होती. ती अपुरी पडली. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी थेट नागपूरच्या वस्त्यांना आगी लावल्या. सरकारी संरक्षण पोहोचत नव्हते तेथे गावकऱ्यांनी मातीच्या गढ्या उभारल्या. सीमारक्षणाचा हा पहिला खर्च रयतेने सोसला. विदर्भातील गावोगावच्या पडक्या गढ्यांकडे पाहताना तो सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

रघूजींनी अखेरपर्यंत तैनाती फौज नाकारली. मार्च १८१६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात पेंढाऱ्यांनी कंपनीच्या ताब्यातील गुंटूर भाग लुटला. पुढे मे १८१६ मध्ये आप्पासाहेबांनी रेसिडेंट जेंकिन्स यांच्यामार्फत तह केला. त्यानुसार कंपनीच्या पायदळाच्या सहा पलटणी व घोडदळाची एक रेजिमेंट यांच्यासाठी दरसाल साडेसात लाख रुपये द्यावयाचे होते. शिवाय तीन हजार स्वार व दोन हजार पायदळ स्वतंत्रपणे बाळगावयाचे होते. दरबारातील प्रतिस्पर्ध्यांच्या भीतीने आप्पासाहेबांना आधार हवा होता, हे खरेच. परंतु नर्मदेची वाट रोखणे ही कंपनीच्या दक्षिणेकडील मुलखाचीही गरज होती. म्हणजे कंपनीच्या सीमेच्या रक्षणाचा भार नागपूरच्या महसुलावर पडला, असे म्हणावे लागते.

नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर हिशेबाची रीतच पालटली. जानेवारी १८१८ च्या करारात रोख रकमेऐवजी मुलूख घेण्याचे ठरले आणि त्यात नर्मदेच्या दोन्ही तीरांवरील प्रदेश कंपनीकडे गेला. ज्या सीमेसाठी फौज ठेविली, तीच सीमा फौजेच्या मोबदल्यात गेली! १८२१ मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी वसली. शेजारच्या वऱ्हाडातही हाच प्रकार घडला : मे १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापोटी निजामाला तो प्रांत कंपनीच्या हवाली करावा लागला.