जहाजाचे लाकूड कोठून आणायचे?



ठाण्याजवळच्या बाळकुमहून खाडी ओलांडली की कशेळी लागते, पुढे भिवंडी. आणि उल्हासच्या वरच्या अंगाला कल्याण. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि थोड्याच काळात या भागात मराठ्यांची जहाजे बांधली जाऊ लागली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते. रुय लैतांव व्हियेगस हा त्यांचा म्होरक्या. वसईच्या पोर्तुगीजांनी फितवल्यावर १६५९ मध्ये ही मंडळी काम टाकून निघून गेली. पण मराठ्यांचे आरमार वाढतच गेले.

कारागीर गेले तर दुसरे मिळतात. लाकडाचे काय? एवढे जाड, टणक लाकूड द्यायचे कोणी?

जाडच का, असे कोणी विचारील. जहाजाच्या तळाचा कणा लांब आणि एकसंध लागतो. कोवळ्या झाडात पांढरे लाकूड फार, गाभा थोडा. आणि पांढरे लाकूड लवकर कुजते. सागाच्या गाभ्यात तेल असते. तो पाण्यात टिकतो, त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. पण असा साग आजोबाने राखावा तेव्हा नातवाच्या हाती येतो. म्हणजे जाड तुळई मागणे हे जुने झाड मागणे झाले!

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याचा विचार केलेला आढळतो. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. त्यातला झाडांविषयीचा मजकूर पुष्कळदा महाराजांचे पत्र म्हणून सांगितला जातो. शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे की तो अमात्यांच्या ग्रंथातला, आरमाराच्या प्रकरणातला आहे. आरमारासाठी साग वगैरे लाकूड आपल्या रानातून परवानगीने तोडावे; आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही कामाचे खरे, पण त्यांना हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करावे, मोल द्यावे आणि मगच तोडावे. जबरदस्ती कदापि करू नये. ज्याला आरमार हवे होते, त्याच राज्याने स्वतःच्या हाताला घातलेला हा आवर आहे, बरं का!

हाच प्रश्न पुढे मुंबईत इंग्रजांनाही पडला. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने तेथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. इंग्लंडात ओकची टंचाई पडली, तेव्हा सागाचा भाव वाढला. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले. त्यासाठी मलबारचा साग वापरला होता. ते जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवलेले आहे. दोनशे वर्षांवर टिकलेले हे लाकूड पाहा!

मागणी वाढली तशी राने उघडी पडू लागली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमण्यात आले. जंगल राखायला हवेच होते. पण पुढे सरकारी राखीव रानांमुळे सरपण, राब आणि गुरचराई अडली, तेव्हा ठाणे-कुलाब्याच्या रयतेने गाऱ्हाणे मांडले. त्याच्या चौकशीसाठी मुंबई वन आयोग बसला. त्याचा अहवाल १८८७ चा. लाकूड राखले, पण रयतेला राजी करायचे राहिले!

१९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत सागाबरोबर आंबा आणि फणसही आहेत. ही झाडे तोडायला परवानगी लागते. तेव्हा जाड फळी घ्यायला निघालात तर जाडी आणि भाव जरूर विचारा. पण झाड कोणाचे, धनी राजी होता का आणि परवाना आहे का, हेही विचारा. आणि शाळेच्या आवारात एक साग लावा. तो तुम्हाआम्हाला कापायचा नाही. लावायचा मात्र आपणच आहे.