उतारूच्या हातून झालेली हानी : भरपाईच्या तत्त्वाचा पूर्वेतिहास

हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाच्या हातून आरसा फुटला, गादीवर शाई सांडली किंवा निजताना लावलेल्या मेणबत्तीने पडदा पेटला, तर त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेण्याइतका मोठा वाटत नाही. तथापि विधिग्रंथ चाळू लागताच एक विलक्षण विषमता दृष्टीस पडते. उतारूच्या सामानाबद्दल मालकाची जबाबदारी कोणती, याविषयी दोन सहस्र वर्षांचे विपुल वाङ्मय उपलब्ध आहे; मालकाच्या खोलीबद्दल उतारूची जबाबदारी कोणती, याविषयी मात्र ते ग्रंथ बहुतांशी मौन धारण करतात. हे मौन अनवधानाचे नव्हे. त्यामागे प्रवासी आणि आश्रयदाता यांच्या संबंधाविषयीची एक निश्चित कल्पना होती.

ती कल्पना रोमन विधीत सर्वांत स्वच्छ दिसते. प्रेटर या न्यायाधिकाऱ्याच्या आज्ञापत्राने नौकाधिपती, पथिकगृहाचे चालक आणि तबेलेवाले या तिघांवर असे बंधन घातले होते की, सुरक्षित ठेवण्यासाठी जे स्वीकारले ते त्यांनी परत केलेच पाहिजे. आपली कसूर नव्हती एवढे सांगून त्यांची सुटका होत नसे. अनिवार्य आपत्तीचा अपवाद तेवढा लाबेओ या विधिज्ञाने पुढे मान्य केला. या कठोरतेचे कारण तिसऱ्या शतकाच्या आरंभी उल्पिअनने दिले आहे. प्रवाशाला या लोकांवर विश्वास टाकल्यावाचून गत्यंतर नसते, आणि बंधन नसते तर त्यांना चोरांशी संगनमत करण्यास मोकळीक मिळाली असती. पथिकगृहवाल्यांच्या नीतिमत्तेविषयी रोमन विधिज्ञांचे मत फारसे अनुकूल नव्हते, हे येथे उघड आहे.

इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या संग्रहातील सत्तेचाळिसाव्या ग्रंथात, चोरीच्या दाव्यासंबंधी लिहिताना, उल्पिअन याहून महत्त्वाचा भेद करतो. पथिकगृहाचा चालक आपल्या नोकरांच्या कृत्यांबद्दल आणि तेथे कायम वस्ती करणाऱ्यांच्या कृत्यांबद्दल जबाबदार आहे. वाटसरूंच्या कृत्यांबद्दल मात्र नाही. कारण वाटसरूला तो निवडत नाही आणि मार्गस्थाला दारातून परत लावणेही त्याला शक्य नसते. कायमच्या रहिवाशाला त्याने न नाकारून एका अर्थी निवडलेलेच असते. जबाबदारी निवडीच्या सामर्थ्याला चिकटते, असे हे तत्त्व होय. भाड्याने घेतलेल्या घराविषयीही तोच विधिज्ञ तेच सूत्र लावतो. भाडेकरूने घरात आणलेल्या नोकरांनी वा पाहुण्यांनी नुकसान केले, तर तशी माणसे घरात घेण्यात त्याची चूक असेल तरच त्याने भरपाई द्यावी.

परंतु त्याच ठिकाणी एक अपवाद नोंदविलेला आहे, आणि पुढील सर्व इतिहास या अपवादाचा आहे असे म्हणण्यास हरकत नाही. घरात विस्तव बाळगू नये अशी अट करारात असताना भाडेकरूने विस्तव बाळगला, तर आग केवळ योगायोगाने लागली असली तरी तो बांधील ठरतो. कारण त्याने विस्तव बाळगावयासच नको होता. याचा अर्थ असा की, दैवाचा भार एका पक्षावरून दुसऱ्या पक्षावर नेण्याचे सामर्थ्य कराराच्या एका शब्दात असते. खोलीत धूम्रपान करू नये, शेगडी पेटवू नये, या आजच्या सूचनांचे कूळ येथवर पोहोचते.

भारतीय परंपरेत प्रश्नाची मांडणी निराळी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील नागरकप्रकरणात गृहस्वामीने घरी आलेल्या-गेलेल्यांची वर्दी द्यावी असे सांगितले आहे. ती न दिल्यास रात्री घडलेल्या अपराधाचा दोष त्याच्याकडे येतो, आणि काहीही न घडल्यासही तीन पण दंड पडतो. आगीविषयीचे नियम तर विशेष बोलके आहेत. जळत्या घराकडे न धावणाऱ्या घरमालकाला बारा पण दंड, भाड्याने राहणाऱ्याला सहा पण. प्रमादाने आग लावणाऱ्याला चौपन्न पण. आणि हेतुपुरस्सर आग लावणाऱ्यास अग्नीनेच वध. भाडेकरूचे कर्तव्य मालकाच्या निम्मे मानलेले आहे, हे लक्षणीय होय. अर्थात हे सर्व राजदंड आहेत. मालकाची भरपाई नव्हे. भरपाईचा विचार याज्ञवल्क्यस्मृतीतील उपनिधीच्या प्रकरणात येतो, आणि तेथे राजा किंवा दैव यांच्यामुळे, त्याचप्रमाणे चोरांकडून, नष्ट झालेली वस्तू भरून देण्याचे बंधन नाही. मराठी कागदपत्रांतील ‘अस्मानी-सुलतानी’ हीच जोडी आहे. इंग्लिश विधीनेही पथिकगृहाच्या मालकाला ईश्वरी आपत्ती आणि राजाचे शत्रू हेच अपवाद दिले, याचे आश्चर्य वाटते. त्यावरून उसनवारीचे अनुमान काढण्याचे मात्र कारण नाही.

इंग्लंडमध्ये १४०१ च्या ब्यूलिउ विरुद्ध फिंगलॅम या खटल्यात नोकराने किंवा पाहुण्याने ठेवलेली मेणबत्ती गवतात पडून शेजाऱ्याचे घर जळाले, तर घरधन्याने शेजाऱ्याला भरून द्यावे असे प्रतिपादन झाले. येथे भार पाहुण्यावर नसून त्याला आत घेणाऱ्यावर आहे. उल्पिअनचा वाटसरूसंबंधीचा अपवाद इंग्लिश न्यायाधीशांनी केलेला नाही. पुढे १७०७ च्या आणि नंतर १७७४ च्या कायद्याने, ज्याच्या घरात वा खोलीत अपघाताने आग लागली त्याच्यावरील दावाच बंद केला, आणि १८४७ मध्ये फिलिटर विरुद्ध फिपार्ड या निर्णयाने निष्काळजीपणाची आग ‘अपघात’ या शब्दात बसत नाही असे ठरविले. परंतु १७०७ च्या कायद्यातील एका कलमाकडे सहसा दुर्लक्ष होते. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्या नोकराला शंभर पौंड दंड, आणि तो न भरल्यास अठरा महिने सक्तमजुरी. शंभर पौंड म्हणजे घरनोकराची कित्येक वर्षांची मिळकत. धन्याला दिलासा देणाऱ्या कायद्यानेच सर्वांत दुर्बळ माणसावर बोजा टाकावा, हा योग विचार करण्यासारखा आहे.

भिंतीवरील सूचनेचा उगम १८६३ च्या कायद्यात आहे. त्याने उतारूच्या सामानाबद्दल मालकाची जबाबदारी सामान्यतः तीस पौंडांपर्यंत मर्यादित केली, पण कायद्याचे कलम ठळक जागी लावले असेल तरच. मालकांना सूचनेची गोडी लागली ती तेव्हापासून. १९४९ मध्ये ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट या खटल्यात अपील न्यायालयाने तिला मर्यादा घातली: करार स्वागतकक्षातच पुरा होतो, म्हणून खोलीत गेल्यावर दिसणारी पाटी त्या करारात शिरू शकत नाही. तो खटला चोरीस गेलेल्या फरच्या कोटांचा होता. परंतु ‘मोडतोडीची किंमत वसूल केली जाईल’ या पाटीलाही तोच न्याय लागू पडावयास हवा.

भारतात १८७२ च्या कराराच्या कायद्याचे ७४ वे कलम येथे निर्णायक ठरते. फुटलेल्या वस्तूंचे दरपत्रक आगाऊ मान्य करून घेतले असले, तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. आणि नुकसान सिद्ध करणे शक्य असेल तेथे ते सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात म्हटले. पुराव्याचा भार कोणावर, याची दुसरी बाजू २०१९ च्या ताजमहाल हॉटेलच्या निर्णयात दिसते. हॉटेलच्या ताब्यात दिलेली मोटार चोरीस गेली, तर स्पष्टीकरण हॉटेलने द्यावे, कारण वस्तू त्याच्या ताब्यात होती. हेच सूत्र उलटवून उतारूवर लादता येईल काय? येणार नाही, कारण खोलीची किल्ली एकट्या उतारूकडे नसते. झाडणारा, चादर बदलणारा, नळ दुरुस्त करणारा, सर्वांचा तेथे वावर असतो. आणि उतारू निघून गेल्यावर संशयाला उत्तर देण्यास मागे तेवढे हेच राहतात. १९३६ च्या वेतन-प्रदान कायद्याने आपल्या कक्षेतील कामगाराच्या वेतनातून अशी कपात करण्यापूर्वी त्याची कसूर दिसली पाहिजे आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, अशी अट घातली होती.

विधीची ही तत्त्वे स्थिर असली तरी व्यवहार पालटला आहे. १८७८ च्या इंग्लिश कायद्याने बिल थकविणाऱ्याचे सामान विकण्याची मुभा मालकाला दिली. पण त्यासाठी सहा आठवडे थांबून, एक महिना आधी जाहिरात देऊन लिलाव करावा लागे. आज अनेक हॉटेलांत पेटीऐवजी कार्डावरील रक्कम प्रथमच अडवून ठेवली जाते. कापलेले पैसे परत मागण्याचे काम त्यामुळे प्रवाशाकडे आले, आणि तो तर तोवर आपल्या गावी परतलेला असतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला सामान्यतः हॉटेलच्याच जिल्ह्यात तक्रार करावी लागे. २०१९ च्या कायद्याने ती त्याच्या राहत्या जिल्ह्यात करता येऊ लागली.