चिकाचा हलवा आणि सणांची मराठी नावे : बेने इस्राएल समाजाच्या खाद्यपरंपरेचा विचार

१

चैत्र-वैशाखात जामनेर तालुक्यातील पहूर व त्याच्या आसपासच्या गावांत कुरडयांसाठी गहू भिजत घालण्याची चाल आहे. रोज पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, पिळून व गाळून घेतला म्हणजे जो पांढरा साका भांड्याच्या तळाशी बसतो, त्याला चीक म्हणतात. तो शिजवून सोऱ्यातून कुरडया घालावयाच्या आणि घरातील मुलांनी वाटीभर गरम चीक मागून घ्यावयाचा, हे खानदेशातील वाचकाला सांगावयास नकोच. परंतु हाच चीक सह्याद्रीच्या पलीकडे, आजच्या रायगड व पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात मूळ धरलेल्या एका लहान समाजाच्या नववर्षाचे पक्वान्न आहे, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. तो समाज म्हणजे महाराष्ट्रातील यहुदी, अर्थात बेने इस्राएल. गव्हाच्या चिकात नारळाचे दूध व साखर घालून, मंद आचेवर तासन्‌तास ढवळून ते चिकाचा हलवा करतात आणि ताटात थापून त्याच्या वड्या पाडतात.

एखाद्या समाजाची खाद्यपरंपरा टिकते ती कशाच्या आधाराने, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. बेने इस्राएलांच्या बाबतीत हा आधार दुकानाचा किंवा ग्रंथाचा नव्हता. तो सणांच्या पंचांगाचा आणि त्या सणांना दिलेल्या मराठी नावांचा होता, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

या समाजाची परंपरागत कथा अशी आहे की, अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. ही घटना कोणत्या शतकातील, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पुढे त्यांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली : नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, केहिमकर. भाषा मराठी, पेहराव मराठी आणि शेजार कुणबी, आगरी व कोळी यांचा. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते. कोचीन येथील यहुदी व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी १७६८ साली ॲम्स्टरडॅमला पाठविलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख केला आहे. ते शब्बाथ पाळतात व ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणतात, याहून अधिक त्यांना ठाऊक नाही, असा त्याचा आशय आहे.

मग हे यहुदी होत, हे बाहेरच्यांनी ओळखले कसे? समाजाची आख्यायिका याचे उत्तर स्वयंपाकघरात नेऊन ठेवते. दावीद रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला. त्याने खात्री करून घेण्यासाठी येथील स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवले व ते रांधण्यास सांगितले. पर व खवले असलेले मासे तेवढे त्यांनी वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही, असे सांगितले. मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा नेमकी हीच आहे. हा रहाबी अकराव्या शतकातील की अठराव्या, याविषयी मतभेद आहेत, आणि आख्यायिका हा इतिहासाचा पुरावा नव्हे हेही खरे. तथापि, धर्माची साक्ष ग्रंथांऐवजी मासे निवडणाऱ्या स्त्रियांच्या हातांनी दिली, असे हा समाज स्वतःविषयी सांगत आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

३

या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली आपला बेने इस्राएलांचा इतिहास लिहून पुरा केला. तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यांनी नोंदविलेली सणांची जुनी नावे पाहिली म्हणजे पंचांग व अन्न यांचा संबंध स्पष्ट होतो. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’. त्यानंतर थोड्याच दिवसांनी नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात करून साजरा होणारा ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात उपवास करावयाचा, तो ‘दारफाळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाचा ‘शिळा सण’. वल्हांडणाला त्यांनी ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हटले. अनाशी म्हणजे आंबट कालवण साठविण्याचे मातीचे भांडे. आंबविलेले पदार्थ त्या दिवसांत वर्ज्य, म्हणून ते भांडे झाकून ठेवावयाचे. यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या दिवसाचा उपवास ‘बिरड्याचा रोजा’ होय, कारण तो सोडताना मोड आलेल्या वालांचे बिरडे करीत.

या नावांत यरुशलेमचा किंवा मिसर देशातून सुटकेचा निर्देश नाही. आहेत ते खीर, शिळे अन्न, आंबट कालवणाचे भांडे आणि वाल. ज्या कथेसाठी सण पाळावयाचा ती कथा काळाच्या ओघात पुसट झाली असेल, परंतु त्या दिवशी काय रांधावयाचे व काय झाकून ठेवावयाचे हे घरातील स्त्रिया विसरल्या नाहीत. ‘रोजा’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला आणि ‘सण’ हिंदू शेजाऱ्यांचा. आशय मात्र या समाजाने आपला राखला.

मलिदा हा विधी याच प्रकारचा आहे. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर व सुकामेवा यांचे हे मिश्रण. ते ताटात रचून भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याचे स्मरण करून प्रार्थनेनंतर सर्वांना वाटतात. लग्न, सुंता, नवे घर, आजारातून उठणे, नवस फेडणे, अशा प्रत्येक प्रसंगी मलिदा असतो. अलिबागजवळील खंडाळे येथे खडकावर ज्या खुणा आहेत त्या एलियाच्या रथाच्या होत, अशी श्रद्धा असून तेथेही मलिद्याचे ताट नेतात. जगातील इतर यहुद्यांत हा विधी या रूपात आढळत नाही. द्राक्षासवाच्या जागी मनुका भिजवून केलेले सरबत आणि गाईम्हशीच्या दुधाच्या जागी नारळाचे दूध, हीही कोकणची देणगी होय. मांस व दूध एका भोजनात न मिसळण्याचा नियम असल्याने, सामिष जेवणानंतरही चालावे असे पक्वान्न नारळामुळे सहज साधले. येथे धर्माचा नियम आणि भूमीचे पीक एकमेकांस पूरक ठरले.

४

तुलनेसाठी अमेरिकेतील यहुदी खाद्यगृहांकडे, ज्यांना डेलिकटेसन म्हणतात त्यांच्याकडे पाहावे. पूर्व युरोपातून आलेल्या निर्वासितांनी न्यूयॉर्कमध्ये खारवून, धुरावून, वाफवलेले मांस, राय धान्याचा पाव आणि मुरवलेल्या काकड्या यांची दुकाने काढली. १८८८ पासून आपला इतिहास सांगणारे कॅट्झ यांचे दुकान आजही चालू आहे. १९३० नंतरच्या दशकात त्या एका नगरात अशी धर्मनियमानुसार चालणारी दुकाने पंधराशेच्या घरात होती. आज ती बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तेथे परंपरेचे जतन म्हणजे मुख्यतः दुकानाचे जतन. बेने इस्राएलांचे अन्न मात्र बाजारात क्वचितच आले. त्याचे स्थान घराची चूल आणि प्रार्थनामंदिराचे अंगण. मुंबईच्या मांडवीत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले मंदिर बांधले आणि पुढे पनवेल, अलिबाग, पुणे येथेही मंदिरे उभी राहिली. सणाचे ताट तेथे पोचे, परंतु पाटीवर भाव लिहून ते विकले जात नसे. म्हणून दुकान बंद पडण्याचे भय या परंपरेला नव्हते. घरे उठून जाण्याचे भय मात्र होते, आणि तेच खरे ठरले.

५

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ साली इस्राएलचे राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. आज भारतातील सर्व यहुदी मिळून चार-पाच हजार भरतात. इस्राएलमध्ये या लोकांच्या विवाहांविषयी तेथील धर्मगुरूंनी शंका काढल्या. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ साली, हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असे तेथील शासनाला जाहीर करावे लागले. आख्यायिकेतील रहाबीला माशांची निवड पुरली होती. विसाव्या शतकातील धर्मगुरूंना ती पुरली नाही.

अश्दोद, दिमोना, लोद, बेरशेबा येथील घरांत हलवा व मलिदा आजही होतात आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्या समाजानेच चालविले. तथापि सणांची नावे आता हिब्रू झाली आहेत. ‘बिरड्याचा रोजा’ हा शब्द नव्या पिढीला कळेलच असे नाही. हलव्यातही बदल झाला आहे. गहू भिजविण्याचे कष्ट टाळून पुष्कळ घरांत चिकाऐवजी चायनाग्रास किंवा मक्याचे पीठ वापरतात. हलवा राहिला, चीक गेला. अशा बदलाला दोष देण्याचे कारण नाही, कारण मनुकांचे सरबत हाही एके काळी असाच बदल होता. परंतु पूर्वीचा बदल भूमीशी जुळवून घेताना झाला आणि त्याला मराठी नाव मिळाले. आताच्या बदलात नाव मागे राहते आणि त्याचा अर्थ सुटतो.

एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचेल’ या कादंबरीतील प्रकरणांना पाककृतींची जोड आहे आणि तिला २०१० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. हे दोन्ही स्वागतार्ह आहे. तथापि पाककृती लिहून घेतली म्हणजे काम संपले, असे नव्हे. कोणत्या दिवशी, कोणत्या नावाने, कोणी रांधले आणि कोणाला वाटले, हे पाककृतीइतकेच महत्त्वाचे आहे. ही माहिती आज वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात आहे, आणि ते बोलणे मराठी आहे. म्हणून हे काम जितके यहुदी विद्येचे, तितकेच मराठीच्या अभ्यासकांचे आहे. पहूरच्या अंगणात ज्याला चीक म्हणतात त्यालाच अश्दोदमधील आजीही चीक म्हणते. हा एक शब्द दोन्हीकडे जिवंत आहे, तोवर त्यामागचा इतिहास लिहून घेण्यास अवधी आहे.