इअरहार्ट, अमेलिया : बेपत्ता होण्याचे गूढ आणि हौशी शोधक

अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट (जन्म २४ जुलै १८९७) आणि तिचा मार्गशोधक फ्रेड नूनन हे २ जुलै १९३७ रोजी मध्य पॅसिफिक महासागरावर विमानासह बेपत्ता झाले. अमेरिकेच्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने हाती घेतलेला अधिकृत शोध १९ जुलैला थांबला आणि ५ जानेवारी १९३९ रोजी न्यायालयाने अमेलियाला मृत घोषित केले. मात्र निवृत्त वैमानिक, पत्रकार, विमा-तपासनीस, रेडिओचे शौकीन आणि जुनी दप्तरे धुंडाळणारे अभ्यासक यांनी आपापल्या खर्चाने चालवलेला शोध आजही थांबलेला नाही. या नोंदीत मुख्यतः त्या शोधाचा आढावा घेतला आहे.

विषुववृत्ताच्या आसपास राहून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा अमेलियाचा बेत होता. १९३२ मध्ये अटलांटिक एकटीने ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून ती जगभर माहीत होती. तिचे ‘लॉकहीड इलेक्ट्रा १० ई’ हे दोन इंजिनांचे विमान पर्ड्यू विद्यापीठाशी संलग्न संस्थेने उभारलेल्या निधीतून आले होते. आफ्रिका ओलांडून जूनच्या मध्यास ती कराचीत उतरली. तिथून कलकत्ता गाठून ऐन मोसमी पावसात अक्याब, रंगूनमार्गे सिंगापूर, डार्विन आणि न्यू गिनीतील लाए येथे पोहोचली. तोवर सुमारे ३५,००० किमी. अंतर कापून झाले होते. पुढचा लाए ते हाउलंड बेट हा सुमारे ४,११० किमी.चा टप्पा सर्वांत अवघड होता. हाउलंड हे जेमतेम अडीच किमी. लांबीचे, झाडे नसलेले, समुद्रातून काही मीटरच वर आलेले बेट आहे. त्या वेळच्या नकाशांत ते खऱ्या जागेपासून सुमारे दहा किमी. दूर दाखवले होते.

बेटाजवळ तटरक्षक दलाचे ‘इटास्का’ हे जहाज धूर सोडत, रेडिओ लावून थांबले होते. अमेलियाचा आवाज जहाजावर स्पष्ट ऐकू येत होता, पण जहाजावरचे बोलणे तिला ऐकू येत नव्हते. दिशा शोधण्यासाठी तिने ७५०० किलोहर्ट्झवर संदेश मागितला. तो तिला मिळाला, पण तिच्या यंत्राला त्या लहरींवरून दिशा काढता येईना. मोर्स लिपीत ती आणि नूनन दोघेही सफाईने संदेश देऊ-घेऊ शकत नव्हते. सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांच्या संदेशात तिने आपण जहाजाच्या वरच असायला हवे, पण जहाज दिसत नाही आणि इंधन संपत आले आहे असे कळवले. ८ वाजून ४३ मिनिटांनी शेवटचा संदेश आला : आपण १५७–३३७ या रेषेवर असून उत्तर-दक्षिण उडत आहोत.

पुढचे बहुतेक सगळे तर्क या एका वाक्यातून निघालेले आहेत. सूर्योदयाच्या सुमारास सूर्याचे स्थान मोजून नूननने काढलेली ही स्थितिरेषा होती. अशा रेषेवरून विमान त्या रेषेवर कुठेतरी आहे एवढे समजते, नेमके कुठे ते समजत नाही. रेषा हाउलंडवरून जात होती असे धरले, तर वायव्येला केवळ उघडा समुद्र आहे. आग्नेयेला मात्र सुमारे ६५० किमी.वर फीनिक्स द्वीपसमूहातील गार्डनर हे निर्जन कंकणद्वीप आहे (आजचे निकुमारोरो, किरिबाती प्रजासत्ताक). वैमानिकाने त्या क्षणी काय ठरवले असेल, या एका प्रश्नाने गेली सुमारे नव्वद वर्षे माणसांना झपाटले आहे. प्रश्न सुटायला हवा असे ज्याला मनापासून वाटते, त्याने आधी रेडिओच्या नोंदवह्या वाचाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हाडे, बाटल्या आणि धूसर छायाचित्रे हे सारे त्यानंतरचे.

पहिल्या फळीतले हौशी शोधक रेडिओवालेच होते. विमान बेपत्ता झाल्यावर कित्येक रात्री अमेरिकेत आणि पॅसिफिकमध्ये अनेकांनी क्षीण संदेश ऐकल्याचे कळवले. त्यांतले बरेच खोडसाळ किंवा गैरसमजाचे ठरले. फ्लोरिडातील पंधरा वर्षांच्या एका मुलीने घरच्या रेडिओवर ऐकलेली तुटक वाक्ये वहीत टिपून ठेवली होती. ती वही पुढे कित्येक दशके कुणी गंभीरपणे पाहिलीच नाही. पॅन अमेरिकन या विमानकंपनीच्या ओआहू, मिडवे आणि वेक येथील केंद्रांनी या संदेशांची दिशा मोजली, तेव्हा काही रेषा फीनिक्स बेटांच्या परिसरात एकमेकींना छेदत होत्या. विमान पाण्यात असते तर त्यातून संदेश निघालेच नसते. म्हणूनच हे संदेश खरे मानणारे विमान जमिनीवर उतरले असे म्हणतात आणि समुद्रात बुडाले म्हणणारे सगळेच संदेश खोटे ठरवतात. या दोहोंच्या मध्ये उभे राहायला जागा नाही.

९ जुलै १९३७ रोजी ‘कोलोरॅडो’ या युद्धनौकेवरची विमाने गार्डनरवरून फिरली. अलीकडेच कुणी वस्ती केल्याच्या खुणा दिसतात, पण हालचाल नाही, असा अहवाल लेफ्टनंट जॉन लॅम्ब्रेक्ट यांनी दिला. तिथे कुणीही उतरले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर्काची दिशा जपानकडे वळली. अमेलिया हेरगिरीसाठी गेली आणि जपान्यांच्या हाती सापडली, ही कल्पना लोकांच्या मनात रुजण्यात १९४३ च्या ‘फ्लाइट फॉर फ्रीडम’ या हॉलिवूडपटाचा मोठा वाटा होता. १९६० मध्ये, पूर्वी जपानी राजवटीत असलेल्या सायपान बेटावर बालपण गेलेल्या एका स्त्रीने युद्धापूर्वी तिथे एक गोरी स्त्री आणि पुरुष कैदेत पाहिल्याचे सांगितले. तिचे सांगणे ऐकून सीबीएसचे सॅन फ्रान्सिस्कोतील पत्रकार फ्रेड गर्नर सायपानला गेले, आणि नंतर पुन्हा पुन्हा जात राहिले. बंदराच्या तळातून काढलेले विमानाचे जनित्र जपानी निघाले. कबरीतून आणलेली हाडे व दात बर्कलीचे मानववंशशास्त्रज्ञ थिओडोर मॅक्काउन यांनी तपासले, तेव्हा ते आशियाई माणसांचे ठरले. तरी गर्नर यांचे १९६६ चे पुस्तक खूप खपले आणि सायपानच्या कित्येक वृद्धांनी आपापल्या आठवणी सांगितल्या. त्या आठवणी खोट्या होत्या असे म्हणण्याचे कारण नाही. जपानी राजवटीत त्या बेटावर माणसे खरोखर कैदेत पडली आणि मारली गेली. मात्र वीस-पंचवीस वर्षांनी, शोधकाच्या हातातला फोटो बघून आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाच्या ओघात सांगितलेली आठवण कोणत्या माणसाची आहे, हे ठरवणे फार कठीण असते.

या परंपरेचा सर्वांत लाजिरवाणा प्रकार १९७० मध्ये घडला. हवाई दलातील निवृत्त मेजर जो जर्व्हिस यांच्या संशोधनावर आधारलेल्या जो क्लास यांच्या पुस्तकात, न्यू जर्सीत राहणारी एक विवाहित महिला हीच नाव बदलून जगणारी अमेलिया असल्याचा दावा केला गेला. ती महिला स्वतःही वैमानिक होती आणि अमेलियाला ओळखत होती. तिने पत्रकार परिषद घेऊन दावा फेटाळला, खटला भरला आणि प्रकाशकाला पुस्तक मागे घ्यावे लागले. तिच्या मृत्यूनंतरही छायाचित्रे एकमेकांवर ठेवून चेहरे जुळवण्याचा उद्योग काही जणांनी चालूच ठेवला. हरवलेल्या व्यक्तीबद्दल कळवळा आहे म्हणून एका जिवंत बाईची ओळख हिरावून घेण्याचा हक्क कुणालाही मिळत नाही.

समुद्रात बुडाल्याचा तर्क सर्वांत साधा आहे आणि स्मिथसोनियन संग्रहालयातील तज्ज्ञांसह बहुतेक विमान-इतिहासकारांना तोच पटतो. त्याची बारकाईने मांडणी केली ती मात्र विमानकंपनीत मार्गशोधक आणि वैमानिक म्हणून काम केलेल्या एल्गन लाँग यांनी. १९७१ मध्ये दोन्ही ध्रुवांवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या या माणसाला दमलेल्या वैमानिकाचे मन ठाऊक होते. पत्नी मेरी यांच्यासह त्यांनी इंधनाचा हिशेब, वाऱ्याच्या नोंदी आणि रेडिओवरचे संवाद दशकानुदशके तपासले. सुमारे ४,१६० लिटर इंधन घेऊन निघालेले विमान समोरच्या वाऱ्यामुळे हाउलंडजवळच कोरडे पडले, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ च्या पुस्तकात मांडला. नॉटिकॉस या कंपनीने २००२, २००६ आणि २०१७ मध्ये त्या भागाचा समुद्रतळ सोनारने तपासला. विमान सापडले नाही. पण प्रत्येक मोहिमेनंतर तळाचा तेवढा तुकडा नकाशावरून खोडता आला, आणि या कामाचे मोल तिथेच आहे.

गार्डनर बेटाचा तर्क सैन्यातून निवृत्त झालेल्या टॉम विली आणि टॉम गॅनन या दोन मार्गशोधकांनी १९८८ मध्ये पुढे आणला. हाउलंड न दिसल्यास रेषेवरून आग्नेयेला जाणे हेच शहाण्या मार्गशोधकाचे पाऊल असते, असे त्यांचे म्हणणे होते. पूर्वी विमान-अपघातांच्या विम्याचे तपासनीस असलेले रिक गिलेस्पी यांच्या ‘टिघर’ या स्वयंसेवी संस्थेने १९८९ मध्ये तिथली पहिली मोहीम काढली. नंतर अनेक मोहिमा झाल्या. अॅल्युमिनियमचा पत्रा, बुटाचे भाग, चेहऱ्यावर लावायच्या क्रीमच्या बरणीचे तुकडे, जेवणासाठी भाजलेल्या पक्ष्यांची आणि कासवांची हाडे सापडली. यांतले काहीही अमेलियाचेच आहे असे सिद्ध झालेले नाही. १९२९ मध्ये ‘नॉर्विच सिटी’ ही मालवाहू बोट याच बेटाच्या खडकावर आदळून मोडली होती, १९३८ पासून तिथे वसाहत होती आणि युद्धकाळात अमेरिकी तटरक्षकांचे केंद्रही होते. अशा बेटावर काहीतरी सापडणारच.

या मोहिमांपेक्षा मोठा पुरावा सरकारी दप्तरात पडून होता. १९६० मध्ये तटरक्षक दलातल्या एका माजी सैनिकाने सॅन डिएगोच्या वृत्तपत्राला सांगितले होते, की गार्डनरवर पूर्वी एका स्त्रीचा सांगाडा सापडल्याची गोष्ट बेटवासी सांगत. तेव्हा ही दंतकथा मानली गेली. १९९७ मध्ये न्यूझीलंडचे अभ्यासक पीटर मॅक्वारी यांना तरावा येथील किरिबातीच्या अभिलेखागारात तारांचा गठ्ठा मिळाला आणि गोष्ट खरी निघाली. ब्रिटिश अधिकारी जेराल्ड गॅलघर यांनी १९४० मध्ये वरिष्ठांना कळवले होते, की कवटी आणि काही हाडे सापडली आहेत, सोबत बुटाचा तळ, बाटली आणि सेक्स्टंट या मार्गशोधनाच्या उपकरणाची पेटी आहे, आणि हे अवशेष कदाचित अमेलिया इअरहार्टचे असावेत. तेरा हाडे फिजीतील सुवा येथे गेली. १९४१ मध्ये वैद्यकीय शाळेचे प्राचार्य डॉ. डेव्हिड हूडलेस यांनी ती मोजून पुरुषाची ठरवली. त्यानंतर हाडे गहाळ झाली आणि गॅलघर यांचेही त्याच वर्षी बेटावर निधन झाले.

आज हाडे नाहीत, हूडलेस यांनी लिहिलेली मापे तेवढी आहेत. १९९८ मध्ये कॅरन बर्न्स आणि रिचर्ड जँट्झ यांनी त्या मापांवरून ती युरोपीय वंशाच्या उंच स्त्रीची असू शकतात असे म्हटले. २०१५ मध्ये पामेला क्रॉस आणि रिचर्ड राइट यांनी हूडलेस यांच्या कौशल्यावर शंका घेण्याचे कारण नाही असे दाखवले. २०१८ मध्ये जँट्झ यांनी पुन्हा गणित केले. तुलनेला घेतलेल्या नमुन्यातल्या ९९ टक्के व्यक्तींपेक्षा या हाडांची मापे अमेलियाशी अधिक जुळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. वर्तमानपत्रांनी मात्र याचा अर्थ ‘हाडे तिचीच असण्याची शक्यता ९९ टक्के’ असा लावला, आणि तो चुकीचा आहे. ज्या सेक्स्टंटच्या पेटीवर हौशी अभ्यासकांनी इतकी आशा ठेवली होती, तिच्यावरचे क्रमांक नौदलाच्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्यावर ती १९३९ मध्ये बेटाचे सर्वेक्षण केलेल्या ‘बुशनेल’ जहाजाची असण्याचा संभव पुढे आला. आपल्याच तर्काला आधार देणारी वस्तू तपासून बाजूला ठेवायची तयारी हा शोधकाचा खरा कस आहे. २०१९ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष शोधणारे रॉबर्ट बॅलर्ड यांनी ‘नॉटिलस’ या संशोधन-जहाजातून निकुमारोरोभोवतीचा समुद्र तपासला. विमानाचा तुकडाही दिसला नाही.

जुलै २०१७ मध्ये हिस्टरी वाहिनीने मार्शल बेटांतील जालुइट धक्क्यावरचे एक छायाचित्र दाखवले. पाठमोरी बसलेली व्यक्ती अमेलिया, उभा असलेला पुरुष नूनन आणि दूर ओढून नेली जाणारी वस्तू त्यांचे विमान, असा दावा होता. काही दिवसांतच तोक्योतील लष्करी इतिहासाचे अभ्यासक कोता यामानो यांनी हे छायाचित्र १९३५ मध्ये छापलेल्या एका जपानी प्रवासवर्णनात दाखवून दिले, म्हणजे ते अमेलिया बेपत्ता होण्याच्या दोन वर्षे आधीचे होते. जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात ठिकाणाचे नाव घालून शोधताच त्यांना ते सुमारे अर्ध्या तासात सापडले होते. जपानी कागद जपानी भाषेत वाचायला हवेत, हे वाहिनीला सुचले नव्हते.

२०२४ च्या आरंभी डीप सी व्हिजन या कंपनीचे टोनी रोमिओ यांनी हाउलंडपासून सुमारे १६० किमी.वर, जवळपास ५,००० मीटर खोलीवर विमानासारखी आकृती सोनारमध्ये दिसल्याचे जाहीर केले. हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या रोमिओ यांनी आपली स्थावर मालमत्ता विकून ही मोहीम उभी केली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा जवळून पाहणी केली, आकृती खडकाची निघाली, आणि त्यांनी ते स्वतःच जाहीर केले.

फ्रेड नूननकडे या साऱ्यांनी फारसे लक्ष दिलेले नाही. पॅन अमेरिकनचे पॅसिफिकवरचे हवाई मार्ग आखण्यात ज्याचा हात होता, तो कुशल मार्गशोधक लोककथेत मद्यपी म्हणून उरला आहे, आणि त्या दिवशी तो प्यायला होता याला पुरावा नाही. ज्या रेषेवर सगळे तर्क उभे आहेत, ती त्यानेच काढली होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी या प्रकरणातील सर्व सरकारी कागद खुले करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठाने निकुमारोरोच्या खाजणात उपग्रहचित्रांत दिसलेल्या, ‘ताराया’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूची जागेवर जाऊन पाहणी करण्याची मोहीम जाहीर केली. नोव्हेंबरात ठरलेली ही मोहीम पुढे ढकलावी लागली.