बी अम्मा : दागिने गहाण टाकणारी आई

नववीच्या वर्गात खिलाफत चळवळ शिकवताना मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली ही नावे फळ्यावर लिहिली जातात. त्यांच्या अम्मीचे नाव मात्र पुस्तकाबाहेरून सांगावे लागते. आबादी बानो बेगम. लोक त्यांना 'बी अम्मा' म्हणत.

रामपूरच्या घरात १८८० साली त्या बेवा झाल्या. पदरात पाच मुलगे, एक मुलगी. धाकटे मोहम्मद अली तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. मालमत्ता पाहणाऱ्या मुलांच्या काकांना इंग्रजी शिक्षण म्हणजे दीन बिघडवणे वाटे. त्यांनी पैसे नाकारले. बी अम्मांनी मोलकरणीच्या हातून गुपचूप दागिने गहाण टाकले आणि मुलाला बरेलीच्या शाळेत पाठवले. स्वतः त्या जवळजवळ निरक्षर! पुढे अलीगढ झाले, मोहम्मद अली ऑक्सफर्डलाही गेले. मुलीची फी भरायला नवऱ्याच्या चोरून पैसे साठवणाऱ्या कितीतरी अम्मी मी पालकसभेत पाहते, म्हणून हा प्रसंग मला त्यांच्या भाषणांहून मोठा वाटतो.

भाषणेही साधी नव्हती. पहिल्या महायुद्धात सरकारने दोघा भावांना छिंदवाड्यात स्थानबद्ध केले. हे गाव आपल्या नागपूरपासून लांब नाही. १९१७ च्या डिसेंबरात मुस्लिम लीगने मोहम्मद अलींना अध्यक्ष निवडले, पण ते कैदेत. कलकत्त्याच्या त्या अधिवेशनात बुरख्यातून बोलल्या त्या बी अम्मा. त्याच वर्षी ॲनी बेझंट यांच्या सुटकेसाठीही त्या झटल्या होत्या.

१९२१ मध्ये कराचीच्या खटल्यात मुलांना दोन वर्षांची सजा झाली. सत्तरीच्या आसपासची ही आजी तेव्हा गावोगाव फिरली, खादीचा प्रचार केला, खिलाफतीसाठी आणि टिळक स्वराज्य फंडासाठी वर्गणी गोळा केली. जन्मभर पर्दा पाळलेल्या बी अम्मांनी पंजाबातल्या एका सभेत नकाब वर केला. समोरचे सगळे माझीच लेकरे, मग पर्दा कुणापासून, असा त्यांचा सवाल होता. पर्द्यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक हा प्रसंग आपापल्या सोयीने सांगतात. मला त्यात फक्त एक आई दिसते, जिचे घर हळूहळू मोठे होत गेले.

मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच बरखास्त केली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला बी अम्मांचा इंतकाल झाला. मुलगे तोवर सुटून आले होते.