भाडेपावती ते परवाना

ठाण्यात घोडबंदर रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारती दिसतात. आत पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, क्लब हाऊस आणि फाटकावर आल्यागेल्याचे नाव लिहून घेणारा पहारेकरी. यातली अनेक घरे भाड्याने दिलेली आहेत. तिथे भाडेकरू राहतात, असे आपण सहज म्हणतो. कायद्याच्या भाषेत मात्र ते बहुतेक भाडेकरू नसतातच, ते असतात परवानाधारक. भाडेकरूचा परवानाधारक कसा झाला, याची हकीकत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती सुरू होते मुंबईच्या चाळींत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली आणि भाडी भडकली. म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आला. तो पुढे संपला, पण १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नवा कायदा करावा लागला. १९४७ चा कायदा मात्र टिकला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच बहुतेक जुन्या घरांचे प्रमाणित भाडे ठरले. हा कायदाही तात्पुरताच होता, पण मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धशतक जगला.

यातून गिरणी कामगाराच्या डोक्यावरचे छप्पर वाचले, हे विसरता येणार नाही. हातात भाडेपावती असली की त्याला उठवणे सोपे नव्हते. पण तेवढ्या भाड्यात इमारतीची डागडुजी होईना. चाळी कोसळू लागल्या आणि १९६९ मध्ये सरकारला दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ स्थापण्याचा कायदा करावा लागला. भाडे नाममात्र आणि पागडी मात्र भरमसाट, असा उलटा व्यवहार रूढ झाला.

घरमालकांनी मग वाट शोधली ती १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात. एखाद्याला आपल्या शेतातून जाऊ द्यावे, तशी ही केवळ परवानगी. जागेवर त्याचा हक्क निर्माण होत नाही. हीच कल्पना घरालाही लागू झाली आणि भाडेपट्ट्याऐवजी लायसन्सचे कागद होऊ लागले. १९७३ मध्ये सरकारने ही वाट अडवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी करारानुसार लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरू मानले गेले. घरमालकांनी धसका घेतला आणि पुष्कळांनी फ्लॅट कुलूप लावून ठेवणेच पसंत केले.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नसल्याचे सांगितले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली आणि लायसन्सचा मार्ग मोकळा केला. मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून ते खाली करून घेता येते आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. बंद फ्लॅटची कुलपे निघाली, ती या भरवशावर. ठाण्यासारख्या शहरात महागडी घरे भाड्याने मिळू लागली, त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने असेच एक घर घेतले आणि करार वाचायला माझ्याकडे आणला. तेहतीस महिन्यांची मुदत, भरघोस अनामत आणि 'भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही' हे वाक्य तीन ठिकाणी. तलाव आणि व्यायामशाळेचा मात्र कुठेच उल्लेख नव्हता. त्याला मी ते आधी लिहून घ्यायला सांगितले. कारण या कायद्यानुसार लायसन्सच्या लेखी करारात जे नमूद असते, तोच निर्णायक पुरावा. करार अकरा महिन्यांचा असला, तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श कायद्याने सुचवली, पण तो स्वीकारणे राज्यांवर सोडले.

चाळीतल्या माणसाला गळके छप्पर मिळाले, पण मुलाची शाळा बदलावी लागेल ही धास्ती नव्हती. आजच्या कुटुंबाला सगळ्या सोयी मिळतात, पण दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधायची तयारी ठेवावी लागते. एका कायद्याने मालकाला गांजले, दुसऱ्याने राहणाऱ्याला पाहुणा केले. दोघांनाही निर्धास्त झोप लागेल असा मधला रस्ता शंभर वर्षांत आपल्याला सापडलेला नाही. तोवर सही करण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, एवढे आपल्या हातात आहे.