माथेरानचा विहार आणि त्याचे वाहक

थंड हवेच्या ठिकाणाहून परत आलेल्या मनुष्यास आपण पहिला प्रश्न विचारतों तो ‘काय काय पाहिलेंत?’ हा, आणि तोही मोठ्या हौसेनें पॉइंटांचीं नांवें एकामागून एक सांगूं लागतो. ‘कसे गेलांत, आणि कोणीं नेलें?’ हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. माथेरानच्या बाबतींत मात्र हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, असें आम्हांस वाटतें. त्या रानांतून पायीं हिंडण्याचें सुख पुष्कळांनीं वर्णिलें आहे. त्याविषयीं आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं. पायपिटीखेरीज जे दुसरे विहार तेथें रूढ झाले, म्हणजे घोड्यावरील रपेट, लहान आगगाडीचा प्रवास, झाडें व पांखरें न्याहाळण्याचा छंद, रिक्षांतून कड्यापर्यंत जाऊन सूर्यास्त पाहणें, ते कसे आले व कोणाच्या बळावर चालले, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

माथेरानचा ‘शोध’ ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं 1850 सालच्या मे महिन्यांत लावला, असें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. चौक येथें त्यांचा मुक्काम असतां ते एके दिवशीं ‘वन ट्री हिल’च्या बाजूनें डोंगर चढून गेले, वरचें रान, सावली व गार वारा पाहून त्यांस ती जागा आवडली, आणि पुढें त्यांनीं तेथें घर बांधलें. इतकी हकीकत खरी आहे. परंतु ‘शोध’ हा शब्द जपूनच वापरावयास हवा. ज्या डोंगराच्या माथ्यावर रान आहे तो माथेरान, हें नांवच साहेबाच्या आधींचें आहे. धनगर आपलीं गुरें घेऊन त्या पठारावर राहत होते; ठाकूर व कातकरी यांच्या पायाखालच्या वाटा त्याच कड्यांवरून जात होत्या. मॅलेट साहेबांनीं डोंगर शोधिला असें म्हणण्यापेक्षां त्यांनीं त्या डोंगराचा एक नवा उपयोग शोधिला, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. जो डोंगर आजवर पोटासाठीं चढावयाचा, तो यापुढें सुखासाठीं चढावयाचा, हाच काय तो शोध!

या नव्या उपयोगास काळही अनुकूल होता. मुंबईहून निघालेली आगगाडी 1853 सालीं ठाण्यास, 1854 सालीं कल्याणास व 1856 सालीं खोपोलीस पोंचली. डोंगराच्या पायथ्याचें नेरळ गांव याच वाटेवर असल्यामुळें माथेरान मुंबईकरांस एकाएकीं जवळ आलें. महाबळेश्वरास जावयाचें तर कित्येक दिवसांची तयारी लागे; येथें सकाळीं शहर सोडावें व दिवस मावळण्यापूर्वीं अडीच हजार फुटांहून उंच पठारावर पोंचावें, असें झालें. मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांस हें ठिकाण प्रिय होतें. त्यांच्या आश्रयामुळें रस्ते झाले, बंगल्यांच्या जागा आंखल्या गेल्या, आणि साहेबलोकांच्या पाठोपाठ मुंबईचे पारशी, बोहरी, खोजे व गुजराथी व्यापारी तेथें घरें बांधूं लागले. माथेरानचें वाचनालय करसनदास मुळजी या निर्भय गुजराथी समाजसुधारकाच्या नांवानें ओळखलें जातें, यावरूनही त्या वस्तीच्या मिश्र स्वरूपाची कल्पना वाचकांस येईल.

पण आगगाडी नेरळापर्यंतच होती. तेथून पुढें सात-आठ मैलांचा चढ. तो चढावयाचा कसा? ज्यांच्या अंगीं ताकद व उत्साह होता ते पायीं जात. बाकीच्यांसाठीं तट्टें होतीं, आणि स्त्रिया, वृद्ध व आजारी माणसें यांच्यासाठीं डोल्या व पालख्या होत्या. सामान तर सर्वांचेंच हमालांच्या डोक्यावरून वर जाई. म्हणजे माथेरानवर जो पहिला विहार सुरू झाला तो खांद्यावरचा विहार होय. खालच्या गांवांतील लोकांस या निमित्तानें रोख मजुरी मिळूं लागली, हें नाकारतां येत नाहीं. परंतु एकाची विश्रांति ती दुसऱ्याची चढण, हा जो हिशेब त्या डोंगरावर तेव्हां मांडला गेला, तो पुढें दीडशेंहून अधिक वर्षें मिटला नाहीं.

या जुन्या काळांतील एक विहार मात्र असा आहे कीं, त्याचा भार कोणावरही पडला नाहीं. तो म्हणजे निसर्गनिरीक्षणाचा. माथेरानचे सुपरिंटेंडेंट डॉ. जॉन स्मिथ यांनीं तेथील लोक, वनस्पति व प्राणी यांविषयीं एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. तें 1871 सालीं निघालें. त्यानंतर 1882 सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतही माथेरानास विस्तृत जागा मिळाली. थंड हवा खावयास आलेल्या सरकारी वैद्यानें झाडांचीं नांवें व कातकऱ्यांच्या चालीरीति टिपून ठेवाव्या, ही गोष्ट आमच्या सुशिक्षितांनीं लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. त्या रानांत पाहण्यासारखें थोडें नाहीं. जांभूळ, हिरडा व अंजन यांची दाट सावली. तांबड्या मातीच्या वाटा. झाडांवरून उड्या मारणारीं वानरें. आणि पावसाळ्याच्या तोंडीं पहांटेस एखाद्या ओढ्याच्या कांठीं शीळ घालणारा कस्तूर पक्षी, ज्याची शीळ ऐकून एखादा पोरगाच निष्काळजीपणें गात चालला आहे असा भास व्हावा! यासाठीं तिकीट लागत नाहीं, वाहन लागत नाहीं. लागतो तो केवळ स्वस्थपणा. परंतु ज्या वस्तूस पैसा पडत नाहीं ती आमच्या लोकांस सुखाची वाटत नाहीं, आणि म्हणून शार्लट तलावाच्या कांठीं पिसारनाथाच्या देवळापाशीं घटकाभर मुकाट्यानें बसणारीं माणसें थोडींच दिसतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं माथेरानास एक नवा विहार लाभला. मुंबईचे प्रसिद्ध बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभाई यांच्या पैशानें, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनीं नेरळपासून माथेरानपर्यंत दोन फूट रुंदीची आगगाडी बांधविली. 1907 सालीं गाडी धांवूं लागली, आणि खर्च सुमारें 16 लाख रुपये आला. बार्शी लाइट रेल्वेमुळें नांवाजलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा या कामीं सल्ला होता. वीस-एकवीस किलोमीटरांचा तो मार्ग म्हणजे नुसती वळणांची माळ आहे. वीस फुटांस एक फूट असा कडक चढ, अगदीं अरुंद वळणें, आणि इतक्या वळणांत अडकूं नयेत म्हणून मुद्दाम जर्मनींत बनविलेलीं, चाकांस बाजूला सरकूं देणारीं एंजिनें, असा हा सारा थाट होता. खालच्या दऱ्या कधीं उजवीकडे तर कधीं डावीकडे येतात, आणि पुढचें एंजिन मागच्या डब्यांतील मुलांस समोर दिसूं लागतें! येथें प्रवास हा विहाराचें साधन न राहतां स्वतःच विहार झाला.

परंतु आमच्या मतें या आगगाडीचें खरें महत्त्व करमणुकींत नाहीं. चढाचा जो भार आजवर माणसांच्या खांद्यावर होता, त्यांतील मोठा भाग तिनें प्रथमच वाफेच्या यंत्रावर टाकला. मध्यम स्थितींतील कुटुंबें, म्हातारीं माणसें व लहान मुलें यांस माथेरान खुलें झालें तें या गाडीमुळें. सह्याद्रीच्या पावसानें तिची अनेकदां परीक्षा घेतली. 2005 सालच्या अतिवृष्टींत मार्ग वाहून गेला व गाडी दोन वर्षें बंद राहिली. 2019 च्या पावसानेंही तशीच हानि केली, आणि 2022 सालीं ती पुन्हां नेरळहून निघूं लागली. ज्या वर्षीं गाडी बंद असते त्या वर्षीं डोंगरावर तिची किंमत कळते.

गाडीनें वर पोंचविलें, पण वरचें काय? माथेरानवर मोटार नाहीं. दस्तुरी नाक्यापाशीं सर्व मोटारी थांबतात. आजाऱ्यांची गाडी व आगीचा बंब यांसारखे अपवाद सोडले तर पुढें यंत्राचा आवाज नसावा, अशीच तेथील परंपरा आहे. केंद्र सरकारनें 2003 सालीं माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला व या परंपरेस कायद्याचें बळ दिलें. या निर्बंधामुळेंच तें रान टिकलें, तेथील धूळ तांबडी राहिली, काळी झाली नाहीं, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं.

वरचे विहार या निर्बंधाच्या छायेखालींच वाढले. पहिला घोड्याचा. ओलिंपियाच्या मैदानावर शर्यती होत, आणि शहरांत ज्याला बैलगाडीशिवाय दुसरें वाहन ठाऊक नाहीं असा मुलगाही येथें रिकिबींत पाय अडकवून शिवाजीमहाराजांच्या स्वाराची ऐट मिरवूं लागला. घोडेवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक जातच जणूं त्या डोंगरावर निर्माण झाली. दुसरा विहार हातरिक्षेचा. पुढें एक मनुष्य दांड्या धरून ओढी, मागें दोघे रेटा देत, आणि मध्यें बसलेलीं माणसें पॉर्क्युपाइन पॉइंटावर सूर्यास्त पाहावयास जात. चढावर त्या तिघांचा श्वास लागे, उतारावर आपल्याच अंगावर गाडी येऊं नये म्हणून त्यांस टांचा रोंवाव्या लागत, आणि पावसाळ्यांत चिखलानें वाट निसरडी होई. डोली गेली, पालखी गेली. परंतु माणसानें माणसास वाहण्याची चाल चाकें लावून तशीच राहिली.

येथें एक मोठी अडचण आहे, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या निर्बंधाची आम्हीं वर स्तुति केली, त्याच निर्बंधाचें ओझें या रिक्षावाल्यांच्या छातीवर होतें. मोटार नको, कारण रान जपावयाचें. मग म्हाताऱ्यांस व आजाऱ्यांस न्यावयाचें कोणीं? तर माणसांनीं. झाडाच्या रक्षणासाठीं माणूस जुंपावयाचा, असा हा विचित्र न्याय होता. आणि तो आपल्यास विचित्र वाटला नाहीं, कारण आपण आंत बसलों होतों.

या डोंगरावर राबणारीं कुटुंबें म्हणजे केवळ पाहुण्यांच्या सोयीसाठीं असलेलीं माणसें नव्हत, याची साक्ष इतिहासांत आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म 1912 सालीं माथेरानच्याच एका नाभिक कुटुंबांत झाला. ते शिकून वकील झाले, खालच्या खेड्यांतील गरिबांसाठीं झटले, आणि 1942 च्या लढ्यांत भूमिगत होऊन त्यांनीं आझाद दस्ता उभारला. 2 जानेवारी 1943 रोजीं सिद्धगडाच्या रानांत ते व त्यांचे सोबती हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. ज्या पठारावर सुखवस्तु लोक हवा खावयास येत, त्याच पठारावर हा हुतात्मा वाढला. पॉइंटांचीं नांवें पाठ असणाऱ्या किती प्रवाशांस हें नांव ठाऊक असतें?

हातरिक्षेचा प्रश्न शेवटीं न्यायालयांतच सुटावयाचा होता. 2022 सालच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनें विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोग म्हणून वर आल्या. घोडेवाल्यांनीं विरोध केला. आपलें पोट जाईल ही त्यांची भीति खोटी म्हणतां येणार नाहीं. पुढें 6 ऑगस्ट 2025 रोजीं त्याच न्यायालयानें आज्ञा केली कीं, माणसांनीं ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद कराव्या. त्या ओढणारांस विजेच्या रिक्षा देऊन त्यांच्या उदरनिर्वाहाची सोय लावावी. आणि पैसा नाहीं ही सबब सांगूं नये. राज्यघटना अमलांत येऊन पंचाहत्तर वर्षें झाल्यावरही मनुष्यानें मनुष्यास ओढावें, हें मानवी प्रतिष्ठेस काळिमा लावणारें आहे, असा न्यायाधीशांचा अभिप्राय पडला. सायकल-रिक्षावाल्यांच्या हक्काविषयीं याच न्यायालयानें 1980 सालीं दिलेल्या निर्णयाचें स्मरणही त्या वेळीं झालें. म्हणजे विचार पंचेचाळीस वर्षांपूर्वींच झाला होता. डोंगर चढण्यास त्याला इतका काळ लागला!

कांहीं रसिक म्हणतील कीं, हातरिक्षेबरोबर माथेरानची जुनी शोभा गेली. त्यांच्या या हळहळीस आम्ही हंसत नाहीं. जुन्या वस्तूंचा मोह आम्हांसही आहे. परंतु दुसऱ्याच्या धापेवर उभी असलेली शोभा जपण्याजोगी होती काय, हें त्यांनीं स्वतःशींच ठरवावें. दुसऱ्या बाजूस, विजेची रिक्षा आली म्हणून उद्यां तिच्या मागोमाग फरशीचे रस्ते, आणि रस्त्यांमागून मोटारी येऊं लागल्या, तर ज्यासाठीं तेथें जावयाचें तेंच उरणार नाहीं. ही रान जपणारांची शंकाही तितकीच खरी आहे. माणूस सोडविला पाहिजे आणि रानही राखलें पाहिजे. यांपैकीं एक करून दुसरें विसरणें सोपें आहे, आणि आजपर्यंत आपण तेंच केलें.

पुढील सुटींत वाचक सहकुटुंब माथेरानास जातील तेव्हां त्यांनीं गाडींतून दऱ्या पाहाव्या, मुलांस घोड्यावर बसवावें, कस्तुराची शीळ कानीं पडते का तें पाहावें. त्याबरोबरच घोड्याचा लगाम धरून पुढें चालणाऱ्या मनुष्याशीं दोन शब्द बोलावे, त्याचें गांव कोणतें, त्याचीं मुलें काय शिकतात, हें विचारावें. परत आल्यावर ‘कोणीं नेलें?’ असा प्रश्न कोणीं केलाच, तर त्याचें नांव तरी सांगतां येईल.